उपाशी शेवाळाला मी युरिया घातला

हसायचं नाही हं, आधीच सांगून ठेवते! इतक्या मेहनतीनं केलेला मूर्खपणा तुम्ही ऐकला नसेल.

साकोलीच्या कॉलेजात मी एम.एस्सी. करत होती. प्रोजेक्ट काय, तर शेवाळातलं तेल! नुसतं हिरवं पाणी दिसते, पण त्यातल्या बारीक बारीक पेशी पोटात तेल साठवतात म्हणे. सहा बाटल्या भरल्या. तीनमध्ये नायट्रेटचं खत, तीन बिनखताच्या.

"बिनखताच्या बाटल्यांवर लक्ष ठेव," एवढं बोलून प्रोजेक्टच्या मॅडम ट्रेनिंगला नागपूरला गेल्या. लक्ष ठेवायचं म्हणजे काय करायचं? ते कोण सांगणार?

सहाव्या दिवशी पाहते तर बिनखताच्या तिन्ही बाटल्या पिवळ्या! चार दिवसांवर परीक्षा, बाहेरचे सर तपासायला येणार, अन् माझं शेवाळ मरून राहिलं! घाबरून गावी दिघोरीला, धानाची शेती करणाऱ्या बाबाला फोन लावला.

"बाबा, हिरवं होतं ते पिवळं पडून राहिलं!"

"मंग युरिया मार नं! कायले घाबरून राहिली?"

"किती मारू?"

"एकरी पाहशील तं..."

"एकर नाही बाबा, बाटली आहे!"

"बाटलीत धान काहून लावला वो बाई?"

आता ह्या माणसाला काय समजावू? फोन ठेवला. घरमालकाच्या वांग्यांसाठी आणलेला युरिया होता, त्यातली चिमूट टाकली. सकाळी फरक नाही. आणखी एक चिमूट!

तेवढ्यात मॅडमचा फोन. "काय गं, पिवळं पडलं का?"

मला वाटलं, झालं, कोणीतरी चुगली केली! "नाही मॅडम! हिरवंगार आहे!"

"अजून नाही?"

"होऊच देणार नाही, मॅडम!"

"बरं, आल्यावर पाहते," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, बाई खूश झाल्या.

परीक्षेच्या दिवशी सहाही बाटल्या पोपटासारख्या हिरव्या. मी छाती काढून उभी! सरांनी बिनखताच्या बाटलीतलं थेंबभर पाणी काचेवर घेतलं, तेल दिसावं म्हणून रंग टाकला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ पाहिलं.

"तेल कुठं आहे?"

मॅडमनं माझ्याकडे पाहिलं. "तू काही टाकलंस का यात?"

"युरिया, मॅडम. पिवळ्या पडून मरत होत्या. मी वाचवल्या!"

मॅडमनं कपाळावर हात मारला. "अगं बाई, मरत नव्हत्या! खत तोडलं की शेवाळाची वाढ थांबते अन् ते तेल साठवते. म्हणून तर पिवळं पडते! तू खायला घातलंस, त्यानं साठवलेलं तेल संपवलं अन् पुन्हा वाढायला लागलं!"

म्हणजे सहा दिवसांचं तेल मी माझ्या हातानं जिरवलं! अन् वरून छाती काढून उभी!

सरांनी शेरा लिहिला अन् वही माझ्या हातात दिली.

'शेवाळाची प्रकृती उत्तम. विद्यार्थिनीवर लक्ष ठेवावे.'