सहदेवभाऊंची रबरी नळी

कुकरची दुसरी शिटी झाली आणि मागच्या दारावर थाप पडली. घाटकोपरला आमच्या बिल्डिंगचं मागचं दार कुणी वाजवत नाही. पलीकडे कंपाउंडची भिंत, आणि भिंतीला लागून सहदेवभाऊंचं गॅरेज. भाऊ तर कधीच वाजवत नाहीत, भिंतीपलीकडूनच ओरडतात, "वयनी, शिटी फुसकी झाली तुमची, वायसर बदला!" बघावं तर वायसर खरोखरच गेलेला असतो.

दार उघडलं तर भाऊच. हातात हातभर रबरी नळी, डावी भुवई जळालेली.

"अगं बाई! हे काय झालं?"

ते आत येऊन ओट्याला पाठ टेकून उभे राहिले. तेवढ्यात त्यांच्या मागेच तिसरी शिटी झाली. रोज भिंतीपलीकडून ती मोजणारा माणूस हललासुद्धा नाही.

भाऊ कणकवलीकडचे. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा सतराव्या वर्षी एका गॅरेजात कार्बोरेटर धुवायला लागले. पेट्रोल आणि हवा जिथे एकत्र होतात तो इंजिनाचा भाग म्हणजे कार्बोरेटर. तिथेच ते नळी शिकले. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात. गाडीला दोन कार्बोरेटर असले की दोघांचा सुसकारा सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला, पण जुन्या गाड्यांचे शौकीन अजून भाऊंनाच शोधत येतात. मीटर लावणाऱ्यांना भाऊ हसायचे. "कान नाय त्याला मीटर!"

मागच्या महिन्यात चंद्रप्रकाशशेठ आले. त्यांची सदुसष्ट सालातली विलायती गाडी, लाल, उघडी, दोनच सीटची. शेठना सगळ्यात मोठे कार्बोरेटर हवे होते. मी भिंतीशी कपडे वाळत घालत होते, सगळं ऐकू येत होतं.

"शेठ, इंजिन केवढं, तोंड केवढं! एवढी हवा घेऊन ते करणार काय? शर्यतीत पळवायचीय की नातीला फिरवायचीय?"

"नातीला रे बाबा."

"मग माझं ऐका, लहान जोडी घ्या. हळू चालवलीत तरी गचके देणार नाय."

शेठनी ऐकलं. जोडी आली, बसली. भाऊ आठवडाभर नळी कानाला लावून बसले होते.

मी खुर्ची पुढे केली, समोर उभी राहिले आणि तोंडाकडे बघून सावकाश विचारलं, "भाऊ, केव्हापासून?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. घाबरले की त्यांची मालवणी वर येते.

"दिवाळीपासून. उजवो आधी गेलो, आता डावो. वयनी, माका आयकाक येना नाय."

"मालनताईंना माहितीय?" मी त्यांच्या बायकोबद्दल विचारलं.

"तिला वाटतं मी मुद्दाम उत्तर देत नाय."

मग त्यांनी काल दुपारचं सांगितलं. पेट्रोलचा स्क्रू थोडा थोडा आत घ्यायचा. इंजिन अडखळलं की थांबायचं आणि किंचित बाहेर काढायचा. एवढंच काम, चाळीस वर्षं केलेलं. काल इंजिन अडखळलं असणार, पण ते यांना ऐकूच आलं नाही. हे आत घेतच गेले. पेट्रोल कमी पडलं. बघायला रस्त्यावर काढली, तर चढावर गाडीने उलटा फटका मारला आणि बॉनेट उघडून बघतात तर कार्बोरेटरच्या तोंडातून जाळ. गोणपाटाने विझवला.

"मी एकटाच होतो. रविवारी त्या बाजूच्या सीटवर पाच वर्षांची पोर असेल," भाऊ म्हणाले.

"मीटर आणा ना मग. मिळतो की."

"आणलाय." मान खाली. "लपवून ठेवलाय. तो हवा दाखवतो, वयनी. अडखळणं नाय दाखवत."

"शेठना सांगून टाका," त्यांनी वर बघितल्यावर मी म्हटलं.

"सांगणार. पण गाडी नीट करून. ह्या अवस्थेत माझ्या हातून बाहेर नाय जाणार ती."

मला त्या जाळाचीच भीती वाटत होती. भिंतीपलीकडची ती लाल गाडी मी रोज बघते. वॉशिंग मशीनच्या पट्ट्याचा आवाज बदललेला मला कळतो, मिक्सरचं भांडं नीट बसलं नाही तेही कळतं. पण इंजिनाचं काय कळणार, आणि चुकलं तर?

भाऊंनी रबरी नळीचं एक टोक पुसलं, सदऱ्याला घासून पुन्हा पुसलं आणि माझ्यासमोर धरलं.

"आज दुपारी अर्धा तास गॅरेजात या. ही तुमच्या कानाला लावा. इंजिन अडखळलं की माझ्या खांद्यार हात ठेवा. इतक्याच करा, वयनी."