बोल्टमागचं वजन

माफ करा, घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहायला हात कचरतो. पण माझ्या वडिलांचा, अण्णांचा, तळहात डोळ्यांपुढून हलत नाही. ते पोलिसांच्या रायफली दुरुस्त करतात. त्यांनी जुळवलेली एक रायफल चाचणीत सारखी अडकत होती आणि ठपका त्यांच्यावर आला होता. इंजिनिअरिंग शिकणारा मी पुस्तकी थाटात म्हणालो, "स्प्रिंग बदला." दमलेले अण्णा रिकामा तळहात हळूच वरखाली करत म्हणाले, "बोल्टमागचं वजन हलकं आलंय रे. गोळी नळीत ढकलणारा बोल्ट मागे जाऊन घाईनं परततो, पुढची गोळी वर यायच्या आधीच." उत्तर द्यायची घाई मलाही तशीच होते. माझ्याही मागे थोडं वजन हवं होतं.

आज त्यांचा फोन आला. जड वजन बसवल्यावर रायफल एकदाही अडकली नाही.

"आणि स्प्रिंग जुनीच आहे, इंजिनिअरसाहेब."