कार्डाचं झीरोइंग

आफ्रिकेत शांतिसेनेच्या ड्यूटीवर जाण्याआधी आमची बटालियन दिल्ली कॅन्टमध्ये मुक्कामाला होती. पाचला पीटी, सातला लेक्चर. जून असा, की हेल्मेटमध्ये डाळ शिजावी. आम्ही शिजवली. मीठ कमी पडलं. मी हवालदार, हाताखाली नऊ जवान.

तिकडे पोस्टवर एकच लँडलाइन. घरी बोलायचं तर कॉलिंग कार्ड हवं. रविवारी दुपारी दोनला मी सेक्शन घेऊन बाजारात धडकलो. दुकानदाराने सात प्रकारची कार्डं मांडली. मी त्याची अशी उलटतपासणी घेतली, की तो स्वतःचं नाव विसरला.

"सर, सबसे ज़्यादा मिनट इसमें हैं."

"दस दे दो."

मागचा बारीक मजकूर वाचणं माझ्या शानीत बसत नव्हतं.

बराकीत येऊन फॉल-इन. "नेम तपासल्याशिवाय, झीरोइंग केल्याशिवाय रायफल कुणी आघाडीवर नेतं का? पिन खरवडा, एकेक कॉल लावा, रिपोर्ट द्या!"

आठ जणांनी रिपोर्ट दिला. मीही घरी बोललो. अमरावतीकडचा नाईक दादाराव वानखडे मात्र कार्ड खिशात घालून उभा.

"ऐकू नाही आलं?"

"आलं, उस्ताद. पालमच्या पायलटलाही आलं असंल. पण बायकोचे दिवस भरत आलेत. या कार्डावर पहिला आवाज बाळाचा."

"ऑर्डर आहे."

"मग शिक्षा द्या."

दिली. पाठीवर भरलेला पिठ्ठू, ग्राउंडाच्या दहा फेऱ्या. गोष्ट सांगताना मी चाळीस सांगतो. संपवून आला, घाम पुसला. "अजून काही, उस्ताद?"

आमची फ्लाइट तीनदा पुढे गेली. पोस्टवर पोचून मी नंबर लावला, तर माझं कार्ड मेलेलं. मग मागचा मजकूर वाचला: पहिल्या कॉलपासून तीस दिवस मुदत. झीरोइंग केलेली नऊच्या नऊ कार्डं खलास.

"नेम कसा लागला, उस्ताद?" दादारावने विचारलं.

चौथ्या दिवशी, १६४० वाजता, रेडिओ बोलला. "वानखडे को बताओ, बेटी हुई है. दोनों ठीक. ओव्हर."

दादारावने नाण्याने पिन खरवडला. फोन लागला. बाळ झोपलेलं.

"वहिनी, चिमटा काढा!" आम्ही ओरडलो.

वहिनींनी काढला असावा. पोरगी अशी रडली, की मला वाटलं शत्रूने हत्यारं टाकली. दादारावने रिसीव्हर आमच्याकडे फिरवून धरला. मग पिन मोठ्याने वाचला.

"घरी बोलून घ्या सगळे. उस्ताद, तुम्ही पण. उरलेलं माझ्या पोरीचं."

शुक्रवारी गस्तीवर, सकाळी सव्वानऊला, आमच्यावर फायर आला. दादाराव पुढे होता. सव्वादहाला हेलिकॉप्टर उतरलं. उपयोग नव्हता.

आता मी नोएडात असतो. शेजारी माझ्या गोष्टी निम्म्या करून ऐकतात. खुशाल ऐकावं. एवढी एक मात्र पूर्ण घ्या. त्या कार्डावर बावीस मिनिटं उरली होती, मुदत तीन आठवड्यांहून जास्त. पिन आम्हा नऊही जणांना पाठ होता. त्यानंतर कुणी लावला नाही.