लाल चेंडूंचा रविवार

पाड्यावरच्या माणसांसाठी लिहितोय, आणि माझ्यासारखे नाशिकला आलेत त्यांच्यासाठीही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. पण म्हणून लिहायचा हक्क मिळतो असं नाही. चुकलेल्याने तर गप्प बसावं. तरी लिहितो, माफ करा.

मी निघालो तेव्हा पेठच्या स्टँडवर बाबांनी माझी वळकटी गाडीत चढवली आणि एवढंच म्हणाले, "कागद आला तं वाचाया येत जा." आमच्याकडे कुठलाही कागद आला की पिशवीत जातो आणि मी येईपर्यंत खुंटीला राहतो.

आता संध्याकाळी गंगापूर रोडच्या एका टेनिस कोर्टवर मी पाच-सहा वर्षांच्या मुलांना शिकवतो. शिकवतो म्हणजे खेळवतो. चेंडू मोठे, मऊ, लाल. रॅकेटवर चेंडू ठेवून न पाडता चालायचं, याला मी 'तव्यावरची भाकरी' म्हणायचो. एक मुलगी म्हणाली, "दादा, भाकरी नको, पिझ्झा!" मग पिझ्झा. एक टप्पा पडू द्यायचा, मग झेलायचं. सुटला तर मी हसतो, पुन्हा टाकतो. दहादा टाकतो.

माझी बहीण मंगल याच वयाची. घरी ती खेळायला मागे लागली की मी म्हणायचो, "जा, मला अभ्यास आहे." तिच्याशी मी अर्धा तासही कधी खेळलो नाही.

जूनमध्ये तिला आश्रमशाळेत पहिलीत घालायचं होतं. सोमवारी शेवटचा दिवस. मी रविवारी यायचं आणि सोमवारी फॉर्म भरून तिला शाळेत घेऊन जायचं, असं ठरलं होतं. नाव लागलं नाही तर दिवाळीआधी आई-बाबा दिंडोरीकडे द्राक्षांच्या छाटणीला जातात, तेव्हा तीही जाणार. तिकडे गेलेली मुलं पुन्हा शाळेत बसलेली मी फारशी पाहिली नाहीत.

त्याच रविवारी कोर्टवर पालकांसमोर मुलांचे खेळ ठेवले. कोर्टचे मुख्य सर म्हणाले, "तुझ्याशिवाय ही पोरं हलत नाहीत." मला ते फार आवडलं. बाबांचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, सोमवारी परीक्षा आहे.

"परीक्षा हाय तं राह तिकडंच," बाबा लगेच म्हणाले. "परीक्षेपरीस मोठं काय नाय."

परीक्षा म्हटलं की आमचं घर बाजूला सरतं. मला ते माहीत होतं, म्हणूनच परीक्षा नसताना मी तो शब्द वापरला.

मुलं छान खेळली. एका आईने आभार मानले. मला तिच्याकडे बघवेना.

पाड्यावर रेंज नाही, फोनसाठी टेकडी चढावी लागते. आठ दिवस कुणाचा फोन नाही. गाडीत बसून मी जाऊ शकलो असतो. गेलो नाही. नवव्या दिवशी बाबांचा फोन आला. आधी पेपर कसा गेला ते विचारलं. मी "बरा" म्हणालो. मग मी मंगलचं विचारलं.

"लागलं की नाव! मीच गेलो घेऊन. मास्तरला बोललो, मला वाचता येत नाय, तुमीच बघा. त्यानं बघितलं, मी अंगठा दिला. पोरगी लय रडली, मंग पोरींत जाऊन बसली."

घराला माझ्यावाचून चालत नाही, या समजात मी इतके दिवस होतो. बाबांचा आवाज मात्र मायेचा होता.

"आता कागदापायी तू येऊ नको. दोन वर्सांत मंगल वाचंल."