मोटारीतली अक्षता

माझी धाकटी सून लग्नांचं चित्रीकरण करते. आज ती ओसरीवर ड्रोन साफ करत बसली होती. ब्रशने धूळ झाडली, कॅमेऱ्याची काच पुसली, पात्यांच्या कडांवरून नख फिरवून तडा गेलाय का ते पाहिलं. मग पात्याखालच्या एका मोटारीतून चिमट्याने अक्षतेचा दाणा काढला.

"हा तसाच राहिला असता तर?" मी विचारलं.

"मोटार अडून ड्रोन खाली पडलं असतं, आई."

"कुणाच्या डोक्यावर?"

तिने चिमटा पुसून ठेवला.

जन्मभर अक्षता उधळल्या, त्या कुठे जातात ते कधी पाहिलं नाही. उद्या मैदानात थोरल्याच्या लेकीचं लग्न आहे, आणि हेच यंत्र तिच्या डोक्यावर घोंघावणार.

"बाकीच्या मोटारी पुन्हा बघ."

"दोनदा बघितल्या, आई."

"तरी बघ."

उद्या मी अक्षता खालीच टाकीन. बाकीच्यांच्या मुठी कोण धरणार?