एकाच आकड्याचे दोन चिमटे

देवळालीजवळच्या माळावर आम्ही हौसेनं रॉकेटं उडवतो. पडलेलं रॉकेट उसात सापडावं म्हणून प्रत्येकात छोटा ट्रान्समीटर असतो. कुणाला कोणती फ्रिक्वेन्सी, ते मी ठरवतो. तिचा आकडा लिहिलेला कपड्यांचा चिमटा खिशाला लावून देतो.

बेलापूरच्या मास्तरांचं रॉकेट नेहमी माझ्यापेक्षा उंच जायचं. लोक टाळ्या वाजवायचे आणि माझ्या पोटात दुखायचं. एकदा मी मुद्दाम माझाच आकडा दुसऱ्या चिमट्यावर लिहून त्यांना दिला, म्हणजे त्यांच्या रिसीव्हरला त्यांचं रॉकेट वेगळं ओळखता येणार नाही.

दोन्ही रॉकेटं उसात पडली. रिसीव्हरच्या आवाजामागं गेलो, तर मला त्यांचं सापडलं. मी ते पाचटाखाली सारलं.

बांधावर मास्तर माझं रॉकेट रुमालानं पुसत उभे होते.

"हे घ्या तुमचं. माझं दिसलं का कुठं?"