आर्डिसचे दोन सिलिंडर

आर्डिस कोलबर्ग जानेवारीत आमच्या तळावर पोचली, तेव्हा गाडीला जोडलेला राहण्याचा ट्रेलर वाळूत नीट उभा करायला तिला पाऊण तास लागला. मागे, पुढे, पुन्हा मागे. आमचे हे आणि आणखी तिघे पुरुष खुर्च्या सोडून मदतीला धावले. तिने गाडीची काच खाली केली. "चौघे चार बाजूंना हात दाखवताय. एकाने दाखवा, बाकीच्यांनी कॉफी प्या."

उत्तरेतली थंडी टाळायला नऊ हिवाळे ती ॲरिझोनाच्या या वाळवंटात येते आहे, पण आजवर गाडी तिचा नवरा मर्विन चालवायचा. मर्विन ऑगस्टमध्ये गेला. आम्हा सगळ्यांना वाटलं होतं, आता ती यायची नाही. ती आली. अंगावर त्याचाच जाड कोट, बाह्या दुमडलेल्या.

नॉर्थ डकोटातल्या एका शाळेत तिने सव्वीस वर्षं स्वयंपाक केला. तीनशे पोरांचं जेवण रोज बाराच्या ठोक्याला. त्यामुळे तिला हळू बोलता येत नाही आणि थोडं रांधता येत नाही. रविवारी ताडपत्रीखाली आमची प्रार्थना होते, त्याआधी तिचे दालचिनीचे गोड पाव ट्रेभर येतात. देवाने क्षमा करावी, पण निम्मे लोक त्या पावांसाठीच वेळेवर हजर असतात.

आमच्या तळावर एक रीत आहे. ट्रेलरच्या दाराच्या आतलं सगळं बाईचं आणि बाहेरचं सगळं पुरुषाचं. पाण्याचा नळ, सांडपाण्याची नळी, टायर, गॅस, सगळं त्यांच्याकडे. मी स्वतः अकरा वर्षं या चाकांवरच्या घरात स्वयंपाक करते आहे. शेगडी विझली की "अहो, गॅस" एवढंच म्हणायचं, आणि हे कुरकुरत उठायचे. आर्डिसचंही तसंच होतं. ट्रेलरच्या नाकाशी प्रोपेनचे दोन सिलिंडर बसवलेले असतात, हे तिला माहीत होतं. त्यापुढचं मर्विनला माहीत होतं.

आल्यानंतर दहाव्या दिवशी, रविवारी, ती प्रार्थनेला आली नाही. मी जाऊन दार वाजवलं. आत ती कोट, टोपी आणि दोन गोधड्या घेऊन बसलेली, ओठ निळे. पहाटे बादलीतलं पाणी गोठलं होतं. हीटर बंद, शेगडी बंद, फ्रिजही गॅसवरचा, तोही बंद.

"लव्होन, दोन्ही संपले गं," ती म्हणाली. "एकदमच दोन्ही कसे संपतील?"

आमच्या ह्यांनी जाऊन पाहिलं आणि हसले. दोन्ही सिलिंडरच्या चाव्या उघड्या होत्या. एकातला गॅस संपला की मधला रेग्युलेटर मुकाट्याने दुसऱ्यावर जातो. घरात कळत काहीच नाही, आणि मग दुसराही संपतो. मर्विन रोज सकाळी फेरी मारताना रेग्युलेटरवरची लाल-हिरवी खूण बघायचा. ती बघायची असते हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं, आणि तिने विचारलं नव्हतं.

तिला खोकला झाला, आणि खोकला फोनवर तिच्या मुलाला ऐकू गेला. कर्टिस तिकडे फार्गो शहरात असतो. स्वभावाने चांगला, काळजी करणारा, आणि काळजी करता करता दुसऱ्याचा निर्णय घेऊन टाकणारा. त्याने तिथल्या वृद्धांच्या इमारतीत आईसाठी खोली बघून ठेवली होती. पंधरा फेब्रुवारीला शनिवारी तो येणार, आणि त्याच दिवशी खोलीचं हो की नाही कळवायचं. हो म्हटलं तर ट्रेलर विकायचा.

"खोली चांगली आहे," आर्डिस मला म्हणाली. "खिडकी आहे. पण शेगडी नाही. जेवण खालून झाकून येतं. सव्वीस वर्षं मी वाढलं, लव्होन. आता मी झाकण उघडून बघायचं, आज काय आहे?"

त्या दिवशी मी माझ्या प्रार्थनेच्या वहीत एवढंच लिहिलं की देवा, तिच्या हातून शेगडी काढून घेऊ नकोस.

दुसऱ्या दिवशी हे पाना घेऊन तिचे सिलिंडर बघायला निघाले, तर तिने वाटेतच अडवलं. "हॅरल्ड, हात लावायचा नाही. तोंडाने सांगा."

ह्यांची पंचाईत झाली. "अगं, त्यात सांगण्यासारखं काय? करायचं असतं."

"मग करताना काय करता ते बोला."

पन्नास वर्षं ज्या माणसाने काम करताना चकार शब्द काढला नाही, तो सिलिंडरशेजारी उकिडवा बसून बोलू लागला. शेजारचे लोक कॉफीचे कप घेऊन बघायला आले. कुणी म्हणे सिलिंडर हलवून बघायचा. कुणी म्हणे ठोकून बघायचा. आर्डिस सगळं एका कागदावर लिहून घेत होती आणि न पटलेलं तिथेच खोडत होती.

तीन आठवड्यांत ती तयार झाली. एका वेळी एकाच सिलिंडरची चावी उघडी ठेवायची. शेगडी विझली की समजायचं, एक रिकामा झाला. मग दुसरा उघडायचा आणि रिकामा त्याच दिवशी भरून आणायचा. किती उरलाय ते बघायचं तर सिलिंडरवरून कोमट पाणी ओतायचं आणि हात फिरवायचा. जिथून पत्रा गार लागतो, तिथपर्यंत गॅस. सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं. मी तिच्याबरोबर असायची, पण नुसती उभी.

शनिवारी सकाळी कर्टिस आला. पायात चकचकीत बूट, त्यावर आमची धूळ. आर्डिसने मलाही बोलावलं होतं. एकटीने त्याच्यासमोर बसायचा तिला धीर नव्हता, हे ती बोलली नाही, पण माझी खुर्ची तिने स्वतःच्या शेजारी लावली होती.

तव्यावर धिरडी टाकलेली. पहिलं उलटलं, आणि ज्योत थरथरून विझली.

कर्टिसने कप खाली ठेवला. "झालं."

"काही झालेलं नाही. एक संपला," आर्डिस शेगडीची बटणं बंद करत म्हणाली. "दुसरा उघडते."

"बस आई, थंडी आहे बाहेर. मी करतो." ती कोट चढवेपर्यंत तो गेलाही. पुरुषाचं काम बाहेर, हे त्यालाही मर्विनकडूनच आलेलं. क्षणात परत आला. "लाव आता."

शेगडी लागली, पण कशी, तर बोटाच्या नखाएवढी. हीटर दोनदा टकटकला आणि गप्प झाला. कर्टिस बाहेर गेला, रेग्युलेटरचा खटका इकडून तिकडे केला, नळ्या हलवल्या, आत आला. ज्योत तेवढीच.

तो आईसमोर बसला. आवाज चढवला नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "रेग्युलेटर गेलाय, आई. आज हा, उद्या आणखी काही. हा ट्रेलर एकोणीस वर्षांचा आहे. मी इथे असताना हे झालं ते बरं झालं. मी नसतो तर?"

आर्डिस तव्यावरचं अर्धं कच्चं धिरडं बघत होती. मी टेबलाखाली हात जोडले. मला वाटलं, ती आता हो म्हणणार.

"चावी कशी फिरवलीस?" तिने विचारलं.

"कशी म्हणजे? उघडली."

"हळू की भर्रकन?"

"आई, चावी ती चावी."

"हळू की भर्रकन?" तीनशे पोरांना ऐकू जाणारा तो आवाज होता.

"भर्रकन," तो म्हणाला.

ती उठली. शेगडीची बटणं पुन्हा बंद केली, हीटर बंद केला, बाहेर जाऊन सिलिंडर बंद केला. आम्ही दोघं मागोमाग. मग ती उन्हात नुसती उभी राहिली.

"आता काय?" कर्टिस.

"पाच मिनिटं थांबायचं."

"कशासाठी?"

"गॅस एकदम सुटला की सिलिंडरला वाटतं नळी फुटली. मग तो आतल्या आत गळा आवळून धरतो. चांगल्यासाठीच करतो. गॅस भरून देते ना, त्या बाईने सांगितलंय." ती त्याच्याकडे बघत नव्हती. "त्याला बोलून उपयोग नसतो. सगळं बंद करायचं, त्याला मोकळं होऊ द्यायचं, आणि मग हळू."

पाच मिनिटं फार मोठी असतात. समोरच्या डोंगरावर ऊन उतरत होतं. कर्टिस बुटाने वाळू उकरत होता. मग आर्डिस वाकली आणि चावी केसभर फिरवली. थांबली. पुन्हा केसभर. घड्याळाला चावी देतात तशी. साबणाच्या पाण्याचा ब्रश सांध्यावर फिरवला, वाकून बघितलं, मगच आत गेली. आधी शेगडी लावली. ज्योत निळी, उभी. मग हीटर. तो टकटकला आणि घरघरत सुरू झाला.

तिने तवा पुसून नवीन धिरडं टाकलं. कर्टिस दारात उभा होता.

"बाबांनी हे शिकवलं होतं तुला?"

"तुझ्या बाबांनी मला गाडीची किल्ली फिरवायलासुद्धा शिकवलं नव्हतं," ती म्हणाली. "बस. प्रार्थना म्हण. तुझी पाळी आहे."

त्याने म्हटली. मध्ये एकदा अडखळला, तेव्हा तिने शब्द पुढे केला.

सहा धिरडी खाल्ल्यावर तो म्हणाला की रिकामा सिलिंडर मी भरून आणतो. तिने त्याला तो गाडीत आडवा ठेवू दिला नाही. उभा ठेवायला लावला, पट्ट्याने बांधायला लावला आणि काच उघडी ठेवायला लावली. तो म्हणाला, "आई, मी पन्नास वर्षांचा आहे." ती म्हणाली, "सिलिंडरला ते माहीत नाही."

निघण्याआधी तो आमच्या ट्रेलरच्या आडोशाला फोन करत उभा होता. मी कपडे वाळत घालत होते. कान देऊ नये हे मला कळतं, पण वाळवंटात भिंती नसतात.

"नाही, खोली नको," तो सांगत होता. "नाही, नाही, तब्येत चांगली आहे." मग पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण तो आईच्या दाराकडे बघून म्हणाला, "पत्ता? ती इथेच राहते."